‘ती वेडी नाही’ एवढं म्हणून भागत नाही

आपल्या सल्ला केंद्रातल्या जुन्या फायली काढून पाहिल्या तर एक वाक्य पुन्हा पुन्हा सापडेल. ‘अर्जदार महिला मानसिकदृष्ट्या पूर्णपणे निरोगी असून तिला वेडी ठरवण्याचा सासरच्यांचा डाव आहे.’ शब्द थोडे मागेपुढे होतात, वाक्य तेच. गेल्या बारा वर्षांत ते मी किती वेळा लिहिलं याची गणती नाही. पोलीस ठाण्यात लिहून दिलं, वकिलांना दिलं, एकदा तर एस.टी. स्टँडवर मांडीवर कागद ठेवून लिहिलं. आणि ते खरंच होतं. ज्यांच्यासाठी लिहिलं त्या बायका मारहाणीने खचलेल्या होत्या, रडत होत्या, काहीजणी दिवसदिवस बोलत नव्हत्या, पण त्या वेड्या नव्हत्या.

मागच्या वर्षी जूनमध्ये माझ्या स्वतःच्या केसपेपरवर डॉक्टरांनी ‘स्किझोफ्रेनिया’ असं लिहिलं. तेव्हापासून त्या वाक्याचं काय करायचं हा प्रश्न माझ्यापुढे आहे. माझ्यासाठी कोणी अर्ज लिहायला बसलं तर ते वाक्य लिहिता येणार नाही. मग माझ्या बाजूने काय लिहिणार?

लेखाखाली माझं नाव नाही. लाज वाटते म्हणून नव्हे. संघटनेत सगळ्याजणींना माहीत आहे, गल्लीतही माहीत आहे. पण मी चार वर्षांपासून नवऱ्यापासून वेगळी राहते, अकरा वर्षांचा मुलगा माझ्याकडे आहे, आणि उद्या ताब्याचा वाद कोर्टात गेला तर हा अंक पुरावा म्हणून दाखल व्हायला नको. इतकी वर्षं ‘बोला, लपवू नका’ असं बायकांना सांगणाऱ्या मला हे करावं लागतं, याची मला चीड आहे. तरीही नाव देत नाही.

आधी हा आजार काय आहे ते सांगते, कारण निदान झालं तेव्हा मलाही धड माहीत नव्हतं. मराठीत त्याला छिन्नमनस्कता म्हणतात. त्या शब्दाने आणि सिनेमांनी एक गैरसमज पसरवला आहे, की यात माणसाची दोन व्यक्तिमत्त्वं होतात. तसं काही नसतं. जे नाही ते ऐकू येतं किंवा दिसतं, जे घडलेलं नाही त्याची पक्की खात्री वाटते, विचारांचा धागा सुटतो, आणि हळूहळू कशातच रस राहत नाही. जगात दोन कोटींहून जास्त माणसांना हा आजार आहे. पुरुषांमध्ये तो बहुधा विशीच्या आसपास सुरू होतो. बायकांमध्ये सरासरीने काही वर्षं उशिरा, आणि काहीजणींना पाळी जाण्याच्या वयात. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, कायद्याबद्दल बोलताना लागेल.

माझ्या बाबतीत आधी झोप गेली. मग प्रत्येक गोष्टीत माझ्यासाठी काही खूण आहे असं वाटू लागलं, एस.टी.चा नंबर, पेपरातला मथळा, शेजारणीने वाळत घातलेली साडी. त्यानंतर आवाज. समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपाशी दोन पुरुष माझ्याबद्दल बोलत असायचे. माझ्याशी नव्हे, माझ्याबद्दल. ‘आता ती कणीक मळतेय.’ ‘आता ती घाबरली बघ.’ एका केसमधल्या सासरच्या मंडळींनी आमच्या ऑफिसच्या फोनमध्ये यंत्र बसवलंय, अशी माझी खात्री झाली.

इथे आपल्या कामाची एक गंमत आहे, म्हणजे आता तिला गंमत म्हणता येतं. आपल्याला धमक्या खरोखरच येतात. त्याच केसमध्ये दोन वर्षांपूर्वी फोनवर शिवीगाळ झाली होती, त्याची तक्रारही केली होती. त्यामुळे मी यंत्राचं सांगितलं तेव्हा सगळ्यांनी विश्वास ठेवला. ऑफिसचं कुलूप बदललं. रात्री मी एकटी नको म्हणून आळीपाळीने कोणी ना कोणी माझ्याकडे झोपायला यायची. बाईचं म्हणणं आधी खरं मानायचं, ही आपली शिकवण. ती मला आजही मान्य आहे. पण सात महिन्यांत एकीनेही विचारलं नाही, की अगं, तुला झोप लागते का? तू आंघोळ किती दिवसांत केली नाहीस? हे जे आवाज तुला येतात ते मी शेजारी झोपलेली असून मला का येत नाहीत? अर्थात विचारलं असतं तर मी तिलाही त्यांच्यात धरलं असतं, हेही खरं. तरी विचारायला हवं होतं. उपचाराविना जितका काळ जातो तितकं पुढचं सावरणं कठीण होत जातं, हे आता मला माहीत आहे.

डॉक्टरकडे मला आईने नेलं. त्याआधी तिने एका देवस्थानातही नेलं होतं, लिंबू उतरवून झालं होतं. आपण अशा वेळी अंधश्रद्धा म्हणून आईलाच बोल लावतो. मी लावत नाही. आमच्या गावात मनोविकारांचा डॉक्टर नाही, देवस्थान मात्र चालत जाण्याच्या अंतरावर आहे. राग धरायचा तर बांधून ठेवण्याचा धरावा. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली तेव्हा साखळदंडात अडकवलेली माणसं पळूच शकली नाहीत, २८ जण गेले. माझ्या आईने मला बांधलं नाही. लिंबू उतरवलं, आणि पुढच्या मंगळवारी दोन एस.टी. बदलून जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं.

आता पुढे काय होतं ते. नव्यानेच निदान झालेली एखादी बाई, किंवा तिची आई, हे वाचत असेल तर तिच्यासाठी लिहिते.

गोळ्यांनी आधी झोप येते. पहिल्या काही दिवसांत झोपच झोप. आवाज लगेच जात नाहीत, काही आठवडे घेतात, आणि तेही कापल्यासारखे थांबत नाहीत, लांब जातात. माझे पुरुष गच्चीवरून रस्त्यावर गेले, मग पलीकडच्या गल्लीत, मग नुसती कुजबुज राहिली. खात्री मात्र सगळ्यात शेवटी जाते. आवाज थांबल्यावरही फोनमधलं यंत्र मला महिनाभर खरंच वाटत होतं. एके दिवशी वाटलं, नसेलही. त्या ‘नसेलही’पाशी यायला नऊ आठवडे लागले. काहींना एका औषधाने गुण येत नाही, दुसरं द्यावं लागतं. दोन औषधं नीट घेऊनही फरक पडला नाही तर क्लोझापिन नावाचं औषध आहे, त्यासाठी नियमाने रक्त तपासावं लागतं. तेव्हा पहिल्या गोळीने काही झालं नाही म्हणून सगळं संपलं असं समजू नये.

गोळ्यांचे त्रास असतात आणि ते सांगितले जात नाहीत. हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी हात कापतात, अंग आखडतं. काहीजणींना एका जागी बसवत नाही, पायांत सतत चुळबुळ, उभं राहिलं की चालावंसं वाटतं आणि चाललं की बसावंसं. घरच्यांना वाटतं आजार वाढला. तो आजार नसतो, औषधाचा परिणाम असतो, आणि मात्रा कमी केली किंवा औषध बदललं की बहुधा आटोक्यात येतो. नव्या औषधांत हे कमी, पण ओलान्झापिनसारख्या गोळ्यांनी वजन झपाट्याने वाढतं, साखर वाढू शकते. गोळी सुरू करतानाच वजन आणि रक्तातली साखर तपासून घ्या, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तपासा. या आजाराची माणसं इतरांपेक्षा बरीच लवकर जातात, आणि त्यातली पुष्कळशी हृदयविकारासारख्या, ज्याकडे कोणी पाहिलंच नाही अशा साध्या आजारांनी जातात. दवाखान्यात ‘डोक्याची पेशंट’ म्हटलं की छातीतल्या दुखण्याकडे कोणी लक्ष देत नाही.

एक गोष्ट मात्र खास बायकांची. रिस्पेरिडोन सुरू झाल्यावर तिसऱ्या महिन्यात माझी पाळी थांबली. स्तनातून दूध येऊ लागलं. मी नवऱ्यापासून वेगळी राहणारी बाई. आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. तिने काही विचारलं नाही, दोन दिवस जेवली नाही. मीही घाबरले, कारण नुकतंच कुठे मी माझ्या डोक्यावर विश्वास ठेवायला लागले होते आणि आता शरीर असं वागत होतं. कारण साधं आहे. काही औषधांनी प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढतं, बाळंतिणीच्या शरीरात वाढतं तेच. पाळी थांबते, दूध येतं, इच्छा राहत नाही. रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं. औषध बदललं किंवा मात्रा कमी केली की बहुतेकींची पाळी परत येते. मला आता ॲरिपिप्राझोल आहे, ज्याने हे सहसा होत नाही. डॉक्टर वाईट माणूस नव्हते. पण तीन महिने त्यांनी झोप विचारली, भूक विचारली, आवाज विचारले, पाळी विचारली नाही. शेजारच्या बाकावर बसलेल्या एका मुलीला मी विचारलं तर तिची आठ महिने आली नव्हती, आणि सासूने त्यावरून तिला मारलं होतं. हे एवढं एक पत्रक आपण छापून प्रत्येक मनोविकार विभागाच्या बाहेर वाटलं तरी पुष्कळ होईल. त्यात आणखी एक ओळ हवी: पाळी थांबली म्हणजे दिवस जाणार नाहीत असं नाही, आणि औषध बदलल्यावर तर नक्कीच जाऊ शकतात. मूल हवं असेल तरीही गोळ्या आपल्या आपण एकदम बंद करायच्या नाहीत, डॉक्टरशी आधीच बोलायचं. बरीच औषधं गरोदरपणातही चालू ठेवता येतात आणि मध्येच बंद केल्याने बाळंतपणाच्या सुमाराला आजार उलटण्याचा धोका मोठा असतो.

आवाज थांबल्यावर सगळे म्हणतात, बरी झाली. खरा कठीण काळ तेव्हा सुरू होतो, हे कोणीच सांगत नाही. मी पाच महिने नुसती बसून होते. दुःख नव्हतं, काहीच नव्हतं. चहाचं आधण ठेवायला उठायचं तर ते करण्याचं ठरवण्यातच दुपार व्हायची. वाचलेल्या ओळीचा अर्थ पुढच्या ओळीपर्यंत टिकायचा नाही. हाही आजाराचाच भाग आहे आणि गोळ्यांनी तो फारसा सुधारत नाही. वेळ, माणसं, थोडंथोडं काम यांनीच सुधारतो. पण बाईच्या बाबतीत याला आळस म्हणतात. आजारातून उठलेला पुरुष खाटेवर पडून राहिला तर त्याला चहा नेऊन देतात. बाईचं बरं होणं भाकऱ्यांवर मोजतात. दवाखान्यातसुद्धा मला प्रत्येक वेळी पहिला प्रश्न, ‘घरकाम करता का?’ मी बारा वर्षं केंद्र चालवलं, अर्ज लिहिले, मोर्चे काढले. ‘लिहिता का, बैठकीला जाता का’ असं एकदाही विचारलं गेलं नाही.

याच काळात मरावंसंही वाटतं. निदानानंतरची पहिली काही वर्षं त्या दृष्टीने जपण्याची असतात. आवाज गेल्यावर आपलं काय झालं हे स्वच्छ दिसू लागतं, आणि ते दिसणं सोसत नाही. माझ्या मनात आलं ते मी आईला नाही, संघटनेतल्या एका मैत्रिणीला सांगितलं. ती आली, गोळ्यांचा डबा घेऊन गेली, आणि पुढे दीड महिना रोज सकाळी एका दिवसाच्या गोळ्या आणून द्यायची. भाषण दिलं नाही. रात्री-अपरात्री कोणी नसेल तर १४४१६ या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फोन करता येतो, २०२२ पासून तो चालू आहे, मराठीतही बोलतात.

‘पुढे कायमचं काय?’ याचं एकच उत्तर नाही. काहीजणींना आयुष्यात एकदाच हा झटका येतो. बऱ्याचजणींना पुन्हा येतो, मध्ये चांगला काळ जातो. काहीजणींचा आजार पूर्ण जात नाही, त्याच्यासह जगावं लागतं. पहिल्या खेपेनंतर निदान एक-दोन वर्षं तरी गोळ्या घ्याव्यात असं डॉक्टर सांगतात, पुन्हा झालं तर आणखी बरीच वर्षं. माझ्या मुलाला होईल का? आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर मुलाला होण्याचा संभव साधारण १० टक्के, म्हणजे न होण्याचा ९०. मी रात्री यातला १० चा आकडा मोजत बसते, हे कबूल करते.

आणि हे आईमुळे होत नाही. ते सांगणं भाग आहे, कारण १९४८ साली अमेरिकेतल्या फ्रीडा फ्रॉम-राइशमन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी अशी मांडणी केली होती, की थंड, नाकारणाऱ्या आईमुळे मुलांना स्किझोफ्रेनिया होतो. पुढची काही दशकं कितीतरी आयांना ते ऐकावं लागलं. ती कल्पना विज्ञानाने केव्हाच टाकून दिली, पण आमच्या नात्यातल्या एका काकांनी मला पाहायला आल्यावर आईला हेच ऐकवलं, फ्रॉम-राइशमनचं नावही न ऐकता. माझी आई ६८ वर्षांची आहे. गोळ्यांच्या वेळा, माझा मुलगा, दवाखान्याच्या खेपा, सगळं तीच करते. ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. आजारी शेष सगळ्यांना आठवतो. त्याला सांभाळताना जिचा संसार ओढला जातो ती बहीण, सीना, हिच्याबद्दल आपण एका अंकात तरी लिहायला हवं होतं.

आता माझं आपल्याशी जे भांडण आहे त्याकडे येते.

गोळ्या सुरू होऊन चार महिने झाले असताना शहरातली एक जुनी मैत्रीण भेटायला आली. खूप वाचलेली, माझ्याहून मोठी, मी तिला ताई म्हणते. ती म्हणाली, मानसोपचार हे बायकांना गप्प करण्याचं हत्यार आहे, तुला अन्यायाचा राग आला होता, त्या रागाला त्यांनी आजाराचं नाव दिलं, गोळ्या सोड. मला ते ऐकायचंच होतं. मी सोडल्या. पाचव्या आठवड्यात ते दोघे परत आले, आणि या वेळी माझ्याबद्दल नव्हे, माझ्याशी बोलायला लागले. मुलासमोर मी काय केलं ते इथे लिहीत नाही. नंतर त्याने दोन महिने माझ्याजवळ झोपायला नकार दिला.

ताईंचा मला राग आला होता, आता नाही. त्या म्हणत होत्या त्यातलं निम्मं खरं आहे आणि ते आपणच उजेडात आणलेलं आहे. नको झालेल्या बायकोला येरवड्याला, ठाण्याला नेऊन टाकायचं आणि पत्ता खोटा द्यायचा, हे आपण पाहिलं आहे. १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली तेव्हा रस्त्यावर उतरल्या त्या आपल्याच संघटना. भार्गवी दावर यांनी आयुष्यभर याच प्रश्नावर काम केलं, बायकांचं मानसिक आरोग्य हा विषय स्त्री-चळवळीच्या आणि मानसोपचाराच्या दोघांच्याही पुढे ठेवला. २०२४ मध्ये त्या गेल्या. हा सगळा इतिहास आहे म्हणूनच ताईंना माझ्या गोळ्यांत नवरा दिसला. पण माझ्या आजाराला नवऱ्याने नाव दिलेलं नव्हतं. तो तर चार वर्षं गावातही नव्हता.

आपण इतकी वर्षं बाईचा बचाव एकाच पायावर उभा केला: ती वेडी नाही, म्हणून तिला घर द्या, पोटगी द्या, मूल द्या. याचा दुसरा अर्थ असा होतो, की ती खरोखरच आजारी असेल तर यातलं काही द्यायला नको. हे आपण कधी म्हटलं नाही, पण आपल्या अर्जाने म्हटलं. केंद्रात आलेली एखादी बाई खरोखर आजारी आहे असं लक्षात आलं की आपण काय करायचो? मी काय करायचे ते सांगते. ‘ही केस आपली नाही’ असं म्हणून दवाखान्याची चिठ्ठी द्यायचे आणि वहीत ‘निकाली’ असा शेरा मारायचे. अशा तीनजणी मला आठवतात. त्यातल्या एकीला नवरा मारतही होता. आजारी होती आणि मारही खात होती, दोन्ही. आजारी बाईला मार, फसवणूक, बलात्कार यांचा धोका इतरजणींपेक्षा जास्त असतो. तिचं कोणी खरं मानत नाही, हे मारणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं. मी मात्र तिच्या बोलण्यातलं खरं-खोटं निवडता येत नाही म्हणून फाइल बंद केली.

कायदा या बाबतीत कुठे उभा आहे? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाच्या कारणांत मानसिक आजार आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीने त्याच्या स्पष्टीकरणात स्किझोफ्रेनियाचं नाव घालून ठेवलं आहे. फेफऱ्याची अट लग्नाच्या अटींतून १९९९ मध्ये गेली. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण २०१९ मध्ये गेलं. माझा आजार अजून तिथेच आहे. वर सांगितलं ते इथे जोडून पाहा: बायकांना हा आजार उशिरा होतो, म्हणजे पुष्कळदा लग्नानंतर, एखाद्या मुलानंतर. आणि सासरचे म्हणतात, आधीपासून होता, माहेरच्यांनी लपवून गळ्यात मारली.

तरी नुसत्या नावावर घटस्फोट मिळत नाही, हे प्रत्येक कार्यकर्तीने पाठ करून ठेवावं. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये सांगितलं, की आजाराचं नाव पुरेसं नाही, तो इतका तीव्र आहे का की सोबत राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये, हे पाहायला हवं. २०१३ च्या एका निकालात बायको स्वतः डॉक्टर होती, नोकरी करत होती. नवऱ्याला घटस्फोट नाकारला. नको म्हणणाऱ्या नवऱ्याच्या घरी नांदायचा हक्क मिळवून बाईचं किती भलं होतं हा वाद आपण वेगळा घालू. मुद्दा तीव्रतेचा आहे, शब्दाचा नाही.

त्याहून उपयोगी आहे तो २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१८ पासून लागू झालेला. आपल्या शिबिरांत कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा कलमांसह शिकवतो, हा अजून शिकवत नाही. त्यात स्वच्छ लिहिलं आहे, की आजाराचं निदान झालं एवढ्यावरून बाईला ‘वेडसर’ धरता येणार नाही, ते कोर्टाने ठरवावं लागेल. कोर्टात कोणी आजाराचा पुरावा आणला आणि दुसऱ्या बाजूने त्याला हरकत घेतली तर तो तपासणीसाठी मानसिक आरोग्य मंडळाकडे पाठवावा लागतो. उपचार म्हणून गर्भाशय किंवा नसबंदीला हात लावता येत नाही. भूल दिल्याशिवाय शॉक देता येत नाही. साखळीने बांधता येत नाही, सक्तीने डोकं भादरता येत नाही. पाळीच्या वेळी लागणाऱ्या वस्तू द्याव्या लागतात, हेसुद्धा कायद्यात लिहावं लागलं! तीन वर्षांखालचं मूल दाखल झालेल्या आईपासून सहसा तोडता येत नाही. आपले कागद दुसऱ्याला दाखवण्यावर बंधन आहे आणि आपल्याला ते मागता येतात.

आणि आपला प्रतिनिधी आपण नेमू शकतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, बस. हे केलं नाही तर नातेवाइकाचा नंबर लागतो, आणि कायद्याच्या दृष्टीने नवरा हा नातेवाईकच. मी बरी असताना हा कागद केला. प्रतिनिधी म्हणून त्याच मैत्रिणीचं नाव घातलं, जी रोज गोळ्या आणायची. शिवाय पुढे कधी माझं भान सुटलं तर काय करावं आणि काय करू नये हेही लिहून ठेवलं आहे: कोणतं औषध चाललं, कोणतं नाही, मुलगा कोणाकडे राहील, कोणाला फोन करायचा नाही. लिहिताना हात थरथरत होता, तो गोळीने की कशाने सांगता येत नाही.

मी आता आठवड्यातून तीन दिवस केंद्रात येते, दुपारनंतर. सकाळी गोळीची गुंगी असते, म्हणून शनिवारची बैठक अकराऐवजी तीनला ठेवली. एकीने कुरकुर केली, बाकीच्यांनी चालवून घेतलं. क्वचित ताण आला की पलीकडच्या गल्लीतली कुजबुज ऐकू येते. मी शेजारणीला विचारते, ‘बाहेर कोणी बोलतंय का गं?’ ती खिडकीतून पाहून सांगते, नाही. मग आम्ही पुढचा अर्ज घेतो.

गेल्या महिन्यात मी त्या वाक्याचा विषय बैठकीत काढला. ‘मानसिकदृष्ट्या पूर्णपणे निरोगी असून’ हे गाळावं आणि सगळ्याच अर्जांत असं लिहावं, की अर्जदार महिलेची मानसिक प्रकृती कशीही असली तरी तिचा राहत्या घरावरचा, पोटगीवरचा आणि मुलावरचा हक्क त्यामुळे कमी होत नाही. सगळ्यात जुन्या कार्यकर्त्या ताईंनी हरकत घेतली. म्हणाल्या, ‘अगं, हे वाक्य दिसलं की समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल, म्हणजे प्रकृतीत काहीतरी आहे तर! जी धडधाकट आहे तिचीही केस तू अडचणीत आणशील.’ त्यांचं म्हणणं चूक नाही. तीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बाईचं ते म्हणणं आहे. दुसरी म्हणाली, मग दोन नमुने करू, निरोगी बायकांचा वेगळा आणि आजारी बायकांचा वेगळा. त्यावर मी उठून बाहेर गेले, आणि दहा मिनिटांनी परत आले.

विषय पुढच्या बैठकीवर ठेवला आहे. तोवर इतर ठिकाणच्या केंद्रांत काय लिहितात ते कळवाल तर बरं होईल. पत्र केंद्राच्या पत्त्यावर पाठवा, माझ्यापर्यंत पोचेल.